उजव्या स्टिअरिंगचा हिशेब

प्रश्न : माझी शेव्हरोले बीट उत्तम चालते. ‘सबर्बन’ हे गाडीचे नाव १९३५पासून टिकवणारी कंपनी भारतातून का गेली? गाडी विकून टाकावी का?

उत्तर : नाव टिकते ते बाजारपेठेच्या बळावर. सबर्बनला अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या गिऱ्हाईक मिळाले. पण भारत-ऑस्ट्रेलियासारख्या देशांसाठी उजव्या स्टिअरिंगची गाडी करायची तर नुसते चाक हलवून भागत नाही. डॅशबोर्ड, पेडल, वायपर, वायरिंग सारे नव्याने बसवून चाचण्या घ्याव्या लागतात. विक्री कमी असेल तर हा खर्च निघत नाही. म्हणून शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने २०१७च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली आणि २०२०मध्ये ऑस्ट्रेलियातला आपला होल्डन ब्रँड बंद करण्याची घोषणा केली. कंपनीचा तळेगावचा कारखाना मात्र २०२०च्या डिसेंबरपर्यंत मेक्सिकोसाठी डाव्या स्टिअरिंगच्या गाड्या बनवत होता. दोष आपल्या कामगारांच्या हातांत नव्हता, हे ठामपणे सांगायला हवे.

गाडी धडधाकट असेल तर घाईने विकू नका. पडत्या भावात तोटा तुमचाच होईल. फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच हे भाग तुमच्या शहरात मिळतात का, याची आधी खात्री करा. बंपर, दिवे आणि इलेक्ट्रॉनिक भागांची चौकशी गरज पडण्यापूर्वीच करून ठेवा. या गाडीचा अनुभव असलेला मेकॅनिक मिळाला, तर ती खुशाल चालवा.