सिझेरियननंतरची पोटाची पुनर्बांधणी



सिझेरियन झालेल्या बाळंतिणीला घरातील माणसे दोनच गोष्टी विचारतात, टाके सुकले का आणि पोट आत गेले का. परंतु तिचे शरीर कोठवर सावरले आहे, हे या दोन्हींच्या उत्तरांवरून कळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) भारतात 21.5 टक्के बाळंतपणे या शस्त्रक्रियेने झाली. इतकी सर्रास होत असूनही ही पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे, आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या निष्ठेने व्यायाम करवून घेतला जातो ती निष्ठा बाळंतिणीच्या वाट्याला क्वचितच येते, ही खेदाची बाब आहे.

या शस्त्रक्रियेत सामान्यतः जघनास्थीच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी पुढे हाताला लागणाऱ्या हाडाच्या, किंचित वर आडवा छेद घेतात. ही पद्धत जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ फानेनश्टील यांनी 1900 मध्ये मांडली. त्वचा आणि चरबी यांखाली स्नायूंवरचे एक चिवट आवरण असते, ते कापून पुन्हा शिवले जाते. त्याखालचे पोटाचे दोन उभे स्नायू बहुधा कापले न जाता बाजूला सारले जातात, आणि त्यानंतर उदरपोकळीचे अस्तर व गर्भाशय उघडले जाते. वरची त्वचा एक-दोन आठवड्यांत जुळून येते, परंतु पोटाचा भार ज्याच्यावर पडतो ते चिवट आवरण सहा आठवड्यांनंतरही मूळ बळाच्या निम्म्याच्या आसपासच पोहोचलेले असते आणि पुढे कित्येक महिने घट्ट होत राहते. म्हणूनच सव्वा महिना सरला की भरलेली बादली उचलायला हरकत नाही, हा घरोघरी चालत आलेला हिशेब सिझेरियनला लागू पडत नाही.

पोटाची पोकळी ही चहूबाजूंनी स्नायूंनी बंद केलेली पेटी मानली, तर श्वासपटल हे तिचे झाकण, कमरेभोवती पट्ट्यासारखा फिरणारा सर्वांत आतला आडवा स्नायू ही तिची भिंत आणि श्रोणितल हा तिचा तळ होय. श्रोणितल म्हणजे जघनास्थीपासून माकडहाडापर्यंत पसरलेला स्नायूंचा थर. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना तो खालून तोलून धरतो. बाळ योनिमार्गाने आले नाही म्हणजे हा तळ शाबूत राहिला, अशी समजूत सुशिक्षित घरांतही आढळते. वास्तविक नऊ महिने गर्भाचे ओझे त्यानेच पेललेले असते, आणि गर्भारपणात पोटाचे उभे स्नायूही मधल्या रेषेपासून फाकलेले असतात, मग प्रसूती कोणत्याही मार्गाने होवो.

या पेटीच्या स्नायूंच्या व्यायामाचा आरंभ श्वासापासून करावा. लघवीची नळी काढल्यानंतर आणि डॉक्टरांनी अनुमती दिल्यावर, उताणे निजून गुडघे दुमडावेत, श्वास घेताना बरगड्या बाजूंना फुलू द्याव्यात, आणि श्वास सोडताना वारा व लघवी एकाच वेळी रोखावी तसे श्रोणितल आत आणि वर ओढावे. त्याच ओघात बेंबीखालचे पोट हळूच मणक्याकडे जाते, ते जाऊ द्यावे. चार-पाच सेकंद धरून पूर्ण सैल सोडावे. सैल सोडणे हाही व्यायामाचा अर्धा भाग आहे, आणि नेमका तोच वगळला जातो. असे आठ वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने करावे. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी 1948 मध्ये या स्नायूंच्या व्यायामावर लेख लिहिल्यापासून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. हठयोगातील मूलबंधाशीही त्याचे साम्य आहे. नितंब आवळणे, श्वास कोंडणे किंवा वर ओढण्याऐवजी खाली जोर देणे या श्रोणितलाच्या व्यायामातील नेहमीच्या चुका होत. आणि लघवी करताना मध्येच धार थांबवून रोज सराव करणे तर टाळावेच, कारण त्याने मूत्राशय पूर्ण रिकामे न होण्याचा संभव असतो.

खाटेवरून उठताना सरळ उताण्याने उठू नये. गुडघे दुमडून, खांदे आणि कंबर एकदम वळवून कुशीवर यावे, पाय खाटेखाली सोडावेत, आणि श्वास सोडत कोपर व तळहात यांच्या रेट्याने बसावे. खोकताना किंवा शिंकताना टाक्यांवर उशी दाबून धरावी. शौचाला कुंथावे लागू नये यासाठी पाणी आणि भाजीपाला भरपूर घ्यावा. बाळाला उचलतानाही प्रथम श्वास सोडून मगच उचलावे.

जुन्या नऊवारीने किंवा पट्ट्याने पोट बांधल्यास पहिल्या दिवसांत उठताबसता आधार मिळतो हे खरे, पण त्याने स्नायू बळकट होत नाहीत, आणि फार आवळून बांधल्यास पोटातील दाब श्रोणितलावर येतो. शस्त्रक्रियेच्या वेळी भुलीसाठी पाठीत दिलेल्या इंजेक्शनमुळे पाठ जन्माची दुखते ही समजूतही निराधार आहे. महिनोन्‌महिने राहणाऱ्या पाठदुखीमागे बहुधा पोटाचे दुबळे स्नायू आणि बाळाला पाजताना घातलेली पोक असते.

सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर टाच जमिनीवरून सरकवत एकेक पाय लांब करणे, नंतर कंबर उचलून सेतुबंध, मग गुडघे-तळहातांवर राहून विरुद्ध हात-पाय लांबवणे, असा क्रम ठेवावा. उठाबशांसारखे पोटाचे व्यायाम, नौकासन आणि कपालभाती यांची घाई करू नये; कोणत्याही व्यायामात पोटाच्या मधल्या रेषेवर उंचवटा उठत असेल, तर तो व्यायाम अद्याप झेपत नाही असे समजावे. धावण्याविषयी ब्रिटिश फिजिओथेरपिस्टांनी 2019 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात किमान 12 आठवडे थांबण्यास सांगितले आहे.

ताप, जखमेतून स्राव, एका पोटरीची सूज किंवा श्रमानंतर वाढलेला रक्तस्राव दिसल्यास व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हसताना-शिंकताना लघवी निसटणे किंवा योनीतून काही खाली उतरल्यासारखे वाटणे, या गोष्टी बाळंतपणानंतर चालायच्याच असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांचा मान राखूनही त्यांचे ऐकू नये. स्त्रीआरोग्याचे शिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडून यावर बहुतेकींना उपाय मिळतो, तेव्हा बाळाच्या लसीकरणाची तारीख जशी लिहून ठेवतात, तशीच बाळंतिणीने स्वतःच्या तपासणीचीही लिहून ठेवावी आणि ती चुकवू नये.