खडकातील परागकणांचा शोध

चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील खाणींतून निघणारा दगडी कोळसा म्हणजे सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या पर्मियन काळातील वनस्पतींचे अवशेष होत. त्या वनस्पतींची पाने व खोडे दबून बहुतांशी ओळखेनाशी झाली. परंतु त्यांचे परागकण आणि बीजाणू पुष्कळदा शाबूत राहिले आहेत. त्यांच्या कवचातील स्पोरोपोलेनिन हे द्रव्य इतके चिवट असते की, खडक विरघळविणारी आम्लेही त्याला सहसा बाधत नाहीत. कण वेगळे करण्याची पद्धती याच गुणावर आधारलेली आहे.

नमुन्याची निवड

करड्या वा काळ्या, बारीक पोताच्या खडकात कण सापडण्याचा संभव अधिक. तांबड्या खडकात ऑक्सिडीकरणामुळे ते बहुधा नष्ट झालेले असतात. नमुन्याचा पृष्ठभाग खरवडून काढणे अत्यावश्यक असते. हवेत आजचे परागकण तरंगत असतात. त्यांपैकी गवताचा एखादा कण नमुन्यात शिरला, तर पर्मियन काळातही गवत होते, असा सर्वस्वी चुकीचा निष्कर्ष निघेल.

रासायनिक प्रक्रिया

प्रथम खडकाचा बारीक चुरा करतात. हायड्रोक्लोरिक आम्लाने त्यातील चुनखडीचा अंश जातो. नंतर हायड्रोफ्लोरिक आम्लाने वाळू व मातीची सिलिकेटे विरघळतात. हे आम्ल काचही खात असल्याने प्लॅस्टिकची भांडी वापरावी लागतात. ते त्वचेतून आत शिरते व वेदना कधी कधी उशिरा जाणवतात. म्हणून धूर ओढून घेणारे कपाट, हातमोजे व कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम यांवाचून काम करणे जिवावर बेतू शकते.

कोळशासाठी नायट्रिक आम्ल व पोटॅशियम क्लोरेट यांचे मिश्रण, त्यानंतर सौम्य अल्कली, असा क्रम असतो. प्रक्रिया लांबली तर कणही नष्ट होतात. उरलेला गाळ धुऊन, सुमारे १० मायक्रॉन छिद्रांच्या चाळणीतून गाळतात आणि काचपट्टीवर बसवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

उपयोग

कणांच्या प्रकारांवरून थराचा काळ ठरतो व दूरदूरच्या कोळशाच्या थरांची सांगड घालता येते. प्रा. बिरबल साहनी यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये लखनौ येथे स्थापन झालेल्या संस्थेने या शास्त्राचा भारतात पाया घातला.

शाळांतून ही आम्ले हाताळू नयेत. मात्र जास्वंदीचे पराग साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसतात. शिक्षकांनी या विषयाचा आरंभ तेथूनच करावा.