विंडोज ११ वरून परत १० वर

होस्टेलवर सध्या एकच प्रश्न ऐकू येतो. "अकरा टाकलंय, पण जमत नाही. परत दहावर जाता येईल का?" येतं, पण मुदतीत.

अपग्रेड करताना जुनी सिस्टीम पुसली जात नाही, सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरमध्ये पडून असते. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग रिकव्हरी, तिथलं 'गो बॅक' बटण तीच परत जागेवर आणतं. १० दिवसांनी हा फोल्डर आपोआप उडतो आणि बटणाचा उपयोग संपतो! मग फॉरमॅट मारण्याशिवाय इलाज नाही. (जागा हवी म्हणून तो आधीच डिलीट करणारे महाभागही आहेत.) 'डिझम' कमांडने ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण कमांड १० दिवसांच्या आत द्यायची.

म्हणून टास्कबार मधोमध का, यावर चिडत बसू नका, तो सेटिंग्जमधून डावीकडे नेता येतो. आधी प्रोजेक्टचा बोर्ड जोडून कॉम पोर्ट दिसतो का ते बघा. यूएसबी-टू-सिरियल केबलमधल्या काही जुन्या चिप्सना अकरावर ड्रायव्हरच चालत नाही. मी दहावर परतले ती एवढ्याचसाठी.

परतताना आपल्या फाइल्स राहतात, पण अपग्रेडनंतर टाकलेली सॉफ्टवेअर्स जातात. बॅकअप घ्याच. शिवाय दहाचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे सबमिशन होईपर्यंत मी त्या मशीनवर नेटबँकिंग करत नाही.