भाड्याची खोली, गळका नळ आणि फोन

परंड्यात जुन्या घरांवर अजून माळवद दिसते. खाली लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, आणि वर मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी या मातीची डागडुजी करावी लागते. पांढरी माती टाकायची, चोपायची, उतार नीट करायचा, पन्हाळ मोकळे करायचे. घर आपले असले की आपण हे वेळेवर करतो. पण घर भाड्याने दिलेले असेल तर? मालक म्हणतो, "भाडेकरू सांगेल तेव्हा बघू." भाडेकरू म्हणतो, "मालकाचं घर, मालक बघेल." मधल्या मधे माती वाहून जाते आणि पाणी थेट चुलीवर टपकते.

मग भांडण लागते. "मी तुम्हांला पाडव्यालाच सांगितलं होतं." "कधी सांगितलं? मला तर आठवत नाही." दोघेही खोटे बोलत नसतात, बरं का. बाजारात, एसटी स्टँडवर, उभ्या उभ्या सांगितलेली गोष्ट कुणाच्या ध्यानात राहणार?

शहरात यावर एक तोड काढली आहे. आपल्याकडची किती तरी मुले पुण्यात कामाला आहेत आणि भाड्याने राहतात. त्यांना विचारा. तिथल्या पुष्कळ इमारतींत फोनवर अ‍ॅप असते. अ‍ॅप म्हणजे फोनातले एका कामाचे साधन. नळ गळाला की त्यात तक्रार लिहायची आणि फोटो जोडायचा. तक्रारीला नंबर पडतो. ती नळ दुरुस्त करणाऱ्याकडे जाते. काम झाले की तशी खूण होते. ऐकायला हे मोठे वाटते, पण त्यात जादू नाही. काय मोडले, कोणी सांगितले, कधी सांगितले, काम कोणाकडे दिले आणि ते झाले का, एवढेच तिथे लिहिलेले राहते.

चार खोल्या भाड्याने देणाऱ्याला असले अ‍ॅप विकत घेण्याचे कारण नाही, असे आमचे मत आहे. व्हॉट्सअ‍ॅप पुरते. ते बहुतेक घरी आहेच. समजा, न्हाणीतला नळ गळतो आहे. भाडेकरणीने मालकाला असे लिहावे:

"काका, नमस्कार. न्हाणीतला नळ कालपासून गळतो. बादली रात्रीत भरते. भिंतीला ओल आली आहे. फोटो पाठवला आहे. मिस्त्री कधी येईल?"

तारीख लिहायची गरज नाही. तारीख आणि वेळ फोन स्वतः घालतो. मालकानेही नुसता अंगठा दाखवून गप्प बसू नये. "गुरुवारी सकाळी मिस्त्री पाठवतो" असे लिहावे. काम झाले की भाडेकरणीने दुरुस्त नळाचा फोटो पाठवावा. विषय मिटला.

बरेच जण बोलून निरोप पाठवतात. ते सोपे आहे खरे. पण सहा महिन्यांनी तो निरोप शोधायचा कसा? लिहिलेले असले तर शोधायच्या जागी "नळ" एवढा शब्द टाकायचा. नळाच्या साऱ्या गोष्टी तारखेसह समोर येतात. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. एक ओळ का होईना, स्वतःच्या हाताने लिहा.

सगळ्यात मोठा तंटा अनामत रकमेवरून होतो. खोली सोडताना मालक म्हणतो, "ही फरशी तुम्ही फोडली." भाडेकरू म्हणतो, "आधीच फुटकी होती." म्हणून खोली ताब्यात घेण्याच्या दिवशीच भिंती, फरशी, दारे, नळ आणि मीटरचा आकडा यांचे फोटो काढून एकमेकांना पाठवावेत. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या तालुक्यात अतिवृष्टी झाली, सीना नदीला पूर आला. अशा पावसानंतर कोणती भेग पाण्याने पडली आणि कोणती जुनी, हे आधीच्या फोटोवाचून कोण सांगणार?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. दोघांत वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचे काम आहे, असे त्याचे १४ वे कलम सांगते. मालकाने दुरुस्ती टाळली तर भाडेकरूने त्याला निदान १५ दिवसांची नोटीस द्यावी. त्यानंतर वाजवी वेळ जाऊनही दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून कापू शकतो. पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त कापता येत नाही. भाडे महिना ३,००० रुपये असेल तर वर्षाचे ३६,००० झाले. चौथा हिस्सा ९,००० रुपये. त्यापुढे नाही.

हा कायदा सगळ्या खेड्यांना लागू नाही. ज्या गावांना लागू आहे त्यांची यादी कायद्याला जोडली आहे. तेव्हा पैसे कापण्याआधी वकिलाला विचारावे. नोटीस फोनवर पाठवाच, पण टपालानेही पाठवा आणि पावती जपून ठेवा. फोनवरचा मजकूर न्यायालयात पुरावा म्हणून दाखवता येतो. त्याबरोबर ठरावीक नमुन्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. म्हणून मूळ निरोप पुसू नका.

विजेचे मात्र वेगळे. खांबापासून मीटरपर्यंत बिघाड असेल तर मालकावर चिडून उपयोग नाही. ते काम महावितरणचे. १९१२ या नंबरवर तक्रार करावी आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्यावा. घरातल्या वायरी मालकाने बघायच्या.

भाडे फोनवरून दिले तर "जूनचे भाडे" असे दोन शब्द टाकावेत. आणि एक ध्यानात ठेवा. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. "खोली भाड्याने घेतो, पैसे पाठवतो, तेवढा पिन टाका," असे कुणी अनोळखी माणूस म्हणाला तर फोन ठेवून द्यावा.

फोन पाण्यात पडतो, हरवतो. म्हणून मालकाने एक वहीही ठेवावी. तारीख, खोली, काय मोडले, कोण आले, खर्च किती, असे रकाने आखावेत. महिन्याच्या शेवटी फोनावरून वहीत उतरवावे. अर्धा तास लागतो. वर्षाअखेर वही उघडली की एकाच न्हाणीचा नळ तीनदा बदलला आहे हे कळते. मग नळ नव्हे, आतला पाइपच बदलायचा.

करून पाहा

१. तुमच्या माळवदातून पाणी गळते असे समजा. मालकाला चार ओळींचा निरोप लिहा.

२. तुम्हीच मालक आहात असे समजून त्याला उत्तर लिहा. मिस्त्री कोणत्या दिवशी येईल ते लिहायला विसरू नका.

३. भाडे महिना २,००० रुपये आहे. वर्षाच्या भाड्याचा चौथा हिस्सा काढा.