प्रात्यक्षिक कोणाचे?

माहिती तंत्रज्ञानातील व्यावसायिक प्रमाणपत्रांची तयारी करून घेणारे अभ्यासक्रम ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात: शिक्षक विषय उलगडून सांगतो आणि विद्यार्थी टिपणे घेतो ते व्याख्यानप्रधान, आणि विद्यार्थी स्वतः यंत्रावर काम करतो ते कृतिप्रधान. या दोहोंतून निवड करताना मराठी विद्यार्थ्याची जी फसगत होते, तिचे मूळ पुष्कळदा एका शब्दात असते. ‘प्रात्यक्षिक’ हा शब्द मराठीत शिक्षकाने करून दाखवण्यालाही वापरतात आणि विद्यार्थ्याने करून पाहण्यालाही. त्यामुळे जाहिरातीत ‘संपूर्ण प्रात्यक्षिकांसह’ असे छापलेले असले, तरी हात कोणाचा चालणार, हे त्यातून कळत नाही.

ही फसगत गावाकडे अधिक जाचते. तुळजापूर तालुक्यातील जळकोट हे सोलापूर–हैदराबाद महामार्गावरचे, नळदुर्गच्या पुढचे गाव. येथील तरुणाला अशा वर्गासाठी सोलापूर, पुणे किंवा हैदराबाद गाठायचे झाल्यास फीबरोबर खोलीभाडे आणि खाणावळही धरावी लागते, म्हणून चुकलेली निवड त्याला शहरातल्या मुलापेक्षा महाग पडते. शिवाय 2001 मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटी या संगणक साक्षरतेच्या अभ्यासक्रमामुळे ‘संगणकाचे प्रमाणपत्र’ म्हणजे नोकरीच्या अर्जाला जोडायचा कागद, अशी समजूत गावोगावी रुजली. संगणक साक्षरतेपुरती ती चालून गेली. पण सर्व्हर किंवा नेटवर्क सांभाळण्याच्या कामी तो कागद दाखवल्यावर पुढचा प्रश्न ‘करून दाखवा’ असाच येतो.

प्रस्तुत लेखकाची चूक याच जागी झाली. त्याने लिनक्स या संगणकप्रणालीच्या आरएचसीएसए प्रमाणपत्रासाठी एका वर्गात नाव घातले, तीन महिने पडद्यावर उमटणाऱ्या आज्ञा वहीत सुवाच्य उतरवल्या आणि त्यालाच प्रात्यक्षिक मानले. या परीक्षेत मात्र बहुपर्यायी प्रश्न नसतातच. चालू यंत्रावर कामे पुरी करायची असतात, ती यंत्र पुन्हा सुरू केल्यावरही टिकावी लागतात, आणि उत्तीर्ण होण्यास 300 पैकी 210 गुण लागतात. डिस्कचा एक नवा भाग कायमचा जोडण्यासाठी ‘एफएसटॅब’ नावाच्या फाइलमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना कोणता भाग कोठे जोडायचा याच्या यादीत, एक ओळ लिहायची होती. त्या ओळीतील ओळखक्रमांकात एक अक्षर चुकले. यंत्र पुन्हा सुरू करताच ते त्या नसलेल्या भागाची दीड मिनिट वाट पाहत राहिले आणि मग आणीबाणीच्या अवस्थेत जाऊन पासवर्ड मागू लागले. तेथे पासवर्ड देऊन, ती ओळ दुरुस्त करून बाहेर पडणे हे काही मिनिटांचे काम असते. पुन्हा सुरू करण्यापूर्वी ‘माउंट’ आज्ञेने सारी यादी तपासली असती, तर ती वेळही आली नसती. परंतु वर्गात शिक्षकाची ओळ कधी चुकलीच नव्हती, त्यामुळे बिघडलेले यंत्र कसे दिसते हेच लेखकाने पाहिले नव्हते. परीक्षा गेली, तीन महिन्यांचे भाडेही गेले.

यावरून व्याख्यान टाकाऊ ठरत नाही. सिस्कोच्या सीसीएनए परीक्षेसाठी लागणारे सबनेटिंग, म्हणजे एका मोठ्या नेटवर्कचे लहान भाग पाडण्याचे गणित, चांगल्या शिक्षकाकडून फळ्यावरच लवकर समजते: पत्त्यातील नेटवर्कचा भाग, म्हणजे उपसर्ग, 26 बिटांचा असेल तर 64 पत्ते येतात आणि त्यांतील 62 यंत्रांना देता येतात, ते का, हे नुसते कळफलक बडवून उमगत नाही. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड प्रॅक्टिशनरसारखी बहुपर्यायी प्रश्नांची प्राथमिक परीक्षा तर व्याख्याने आणि वाचन यांवरही निभावते. म्हणून अभ्यासक्रमाच्या नावाआधी परीक्षेचे स्वरूप पाहावे, आणि नोकरी ज्या कामाची हवी ते काम परीक्षेपेक्षाही आधी.

यंत्रावरचे काम हाताखालून जाण्यासाठी दर वेळी शहरातच राहावे लागते असेही नाही. आठ जीबी मेमरीच्या जुन्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक उभा करणाऱ्या मोफत प्रणालीत, अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्स विनामूल्य बसवता येते; नेटवर्कच्या सरावासाठी सिस्कोचे पॅकेट ट्रेसर मिळते. यंत्राची चालू स्थिती जतन करून ठेवावी, मग एफएसटॅबमधील एक अक्षर मुद्दाम बदलून यंत्र बंद-चालू करावे, आणि वही न उघडता ते सावरेपर्यंत उठू नये. जळकोटमधल्या घरीही हे वीज असेल त्या वेळात होते, आणि समजून घेण्याचा भाग तेवढा चांगल्या शिक्षकाकडून घेतला तर फीदेखील आवाक्यात राहते.

पूर्ण वेळ वर्गच लावायचा असेल, तर पैसे भरण्यापूर्वी चालू बॅचमध्ये एक तास मागच्या बाकावर बसू देण्याची विनंती करावी आणि शिक्षक काय सांगतो याकडे नव्हे, तर त्या तासात किती विद्यार्थ्यांची बोटे कळफलकावर आहेत आणि एखाद्याचे यंत्र अडले की शिक्षक ते स्वतः दुरुस्त करून मोकळा होतो की त्याच्याकडूनच करवून घेतो, याकडे पाहावे.