किती वेळ थांबलात?

नाशकात सिडकोतल्या त्या छोट्या दुरुस्तीच्या दुकानात काका माझ्या मदरबोर्डवर वाकून बसले होते. डोळ्याला घड्याळजीचं भिंग, हातात साधी शिवणकामाची सुई. प्रोसेसर बसतो त्या सॉकेटमध्ये १७१८ बारीक पिना होत्या. त्यातल्या पाच मी वाकवल्या होत्या. तासाभराने त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "पहिल्यांदा बटण दाबलंत, तेव्हा किती वेळ थांबलात?"

"असेन अर्धं मिनिट."

ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

झालं होतं असं. मुलगी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला गेली आणि तिच्या लॅपटॉपने मान टाकली. तयार मशीन घेण्यापेक्षा सुटे भाग आणून घरीच जोडावं, असं मी दिवाळीच्या सुट्टीत ठरवलं. कॅबिनेट आणि एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, एम. जी. रोडवरून आणले, बाकीचं ऑनलाइन मागवलं. इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल दोन दिवस अडवून बसलो. चारदा व्हिडिओ पाहून सगळं जोडलं. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा मात्र काळाच राहिला. मदरबोर्डच्या कडेला एक बारीक पिवळा दिवा तेवढा लुकलुकत होता.

अर्ध्या मिनिटाने मी मशीन बंद केलं. पुन्हा चालू, पुन्हा बंद. असं सहा-सात वेळा. मग रॅम काढली, खोडरबरने घासली, दुसऱ्या खाचेत लावली. त्याच झटक्यात ग्राफिक कार्ड काढलं, मदरबोर्डवरचा सेल काढून बायोस रीसेट केला, वायरी उलटसुलट करून पाहिल्या. रात्री साडेअकराला प्रोसेसरच खराब आला असणार, असा निकाल देऊन मी तो उचलला. परत बसवताना तो बोटांतून निसटला आणि त्याचा कोपरा पिनांवर पडला. त्यानंतर मशीन खरोखरच बंद पडलं.

काकांनी सांगितलं ते ऐकून कानशिलं तापली. माझ्या मशीनमध्ये डीडीआर ५ जातीची रॅम होती. ही रॅम इतक्या वेगाने चालते की मदरबोर्डला पहिल्यांदा तिच्याशी जुळवून घ्यावं लागतं. कुठला संकेत किती उशिराने पाठवायचा, किती व्होल्टेजवर पाठवायचा, याचे तो असंख्य प्रयोग करून पाहतो. तोवर पडद्यावर काही दिसत नाही. हे काम काही मिनिटं चालतं, रॅम जितकी जास्त तितका वेळ जास्त, आणि मध्येच मशीन आपणहून एक-दोनदा बंद होऊन चालू होऊ शकतं. एकदा जमलेलं गणित मदरबोर्ड साठवून ठेवतो, म्हणून पुढच्या वेळी पडदा लवकर उजळतो. मी दर अर्ध्या मिनिटाला ते काम मोडत होतो आणि सेल काढून उरलंसुरलंही पुसत होतो. तो पिवळा दिवा रॅमचाच होता. मशीन बिचारं सांगत होतं, काम चालू आहे.

निफाडला मामांची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटायला आठ-दहा दिवस लागतात. मामा रोज बागेत चक्कर मारतात, पण डोळा फुटतोय का, हे बघायला तो नखाने टोकरत नाहीत. मी नेमकं तेच करत होतो.

त्या पाच पिनांनी मला जे शिकवलं, ते इथे मांडतो.

"चालू होत नाही" ही एक तक्रार नाही, चार वेगवेगळ्या तक्रारी आहेत. आपली कोणती, हे ठरल्याशिवाय पेचकसाला हात लावू नका.

पहिली: बटण दाबलं तरी काहीच हलत नाही. इथे प्रश्न विजेचा असतो. भिंतीवरचं बटण, एसएमपीएसच्या पाठीवरचं बटण, मदरबोर्डमधली २४ पिनांची जाड वायर खटका बसेपर्यंत आत गेली आहे का, हे आधी पाहा. मग कॅबिनेटच्या बटणाकडून येणाऱ्या दोन बारीक वायरी. त्या एक पिन इकडेतिकडे लागल्या तरी बटण मुकं होतं. त्या वायरी काढून तिथल्या नेमक्या दोन पिनांना पेचकसाचं टोक क्षणभर टेकवलं आणि मशीन सुरू झालं, तर दोष बटणाचा. जुना एसएमपीएस वापरत असाल आणि त्यावर ११५ व २३० लिहिलेला लाल खटका असेल, तर तो २३० वरच हवा. चुकून ११५ वर राहिला तर आपल्याकडच्या विजेने एसएमपीएस उडतो.

दुसरी: सुरू होऊन क्षणात बंद पडतं. इथे बहुतेकदा कुठेतरी शॉर्ट असतो आणि एसएमपीएस स्वतःला वाचवत असतो. मदरबोर्ड ज्या पितळी स्टँडऑफवर बसतो, त्यातला एखादा जास्तीचा, बोर्डला भोक नसलेल्या जागी, खालून टेकत असतो. नाहीतर एखादा सुटा स्क्रू बोर्डखाली गेलेला असतो. बोर्ड कॅबिनेटमधून काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा आणि प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एक पट्टी एवढ्यावरच चालवून पाहा. चाललं तर दोष कॅबिनेटकडे आहे.

तिसरी: पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही. माझी हीच. पहिलं औषध घड्याळ. नवी रॅम असेल तर पंधरा मिनिटं हात मागे बांधून बसा. तेवढ्यात मॉनिटरची वायर पाहून घ्या. ग्राफिक कार्ड बसवलं असेल तर ती कार्डाला हवी, मदरबोर्डला नाही. प्रोसेसरजवळ ८ पिनांची वेगळी वायर लागते, ती विसरली तर पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो. बऱ्याच मदरबोर्डवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक) आणि बूट अशा नावांचे चार बारीक दिवे असतात. गाडी ज्या स्टेशनावर अडली, तिथला दिवा लागून राहतो. डीरॅमचा दिवा पंधरा मिनिटांनंतरही गेला नाही, तर मशीन बंद करून, प्लग काढून, रॅमची एकच पट्टी प्रोसेसरकडून दुसऱ्या खाचेत खटका वाजेपर्यंत दाबा. सीपीयूचा दिवा राहिला तर प्रोसेसर त्या बोर्डच्या बायोसपेक्षा नवा आहे का, हे तपासा. दुकानात बराच काळ पडून राहिलेल्या बोर्डला नंतर आलेला प्रोसेसर ओळखता येत नाही. अशा वेळी बायोस अपडेट करावं लागतं.

चौथी: पडदा उजळतो, पण विंडोज येत नाही. इथे निम्मी लढाई जिंकलात. बायोसमध्ये डिस्क दिसते का पाहा आणि तिथून पुढे चला.

तक्रार कोणतीही असो, एका वेळी एकच बदल. मी एका झटक्यात पाच गोष्टी बदलल्या, त्यामुळे कशाने काय झालं, हे मला आजही सांगता येत नाही. शेजारी वही ठेवा. काय बदललं, कोणता दिवा लागला, किती मिनिटं थांबलो, एवढं लिहा. वहीमुळे हात आपोआप सावकाश चालतो.

तीन गोष्टी मात्र करू नका. एसएमपीएस उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या आत जोरदार झटका देण्याइतकी वीज काही काळ राहते. एका एसएमपीएसच्या सुट्या वायरी दुसऱ्याला लावू नका. टोक सारखं दिसतं, आतली जोडणी वेगळी असू शकते. आणि प्रोसेसर सगळ्यात शेवटी काढा. काढावाच लागला तर दिवसा, पोट भरलेलं असताना. सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण जपून ठेवा. वाकलेल्या पिना वॉरंटीत सहसा बसत नाहीत.

आणखी एक, घराचं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंग नाही, असं समजा. जुन्या घरांमध्ये तीन भोकांचा सॉकेट असतो, पण कधीकधी तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. वायरमनला बोलावून ते आधी करून घ्या. नाशकातली थंडी कोरडी असते, स्वेटरने अंगावर वीज साठते. रॅमला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा.

सुईचं काम झाल्यावर काकांनी बोर्ड खोक्यावर मांडला, बटण दाबलं आणि पोऱ्याला दोन चहा सांगितले. पडदा काळा. माझा हात दोनदा बटणाकडे गेला, दोन्ही वेळा त्यांनी नुसतं पाहिलं. चहा आला. कप अर्धा झाला तेव्हा पडदा उजळला. त्यांनी दीड हजार घेतले.

परवा मुलीने त्याच मशीनमध्ये रॅम वाढवली. पंखे फिरले, पडदा काळा, पिवळा दिवा. मी खुर्चीवरून उठलो. तिने घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, चहा टाकता का?"