जुन्या सिएराचे ब्रेक : आधी तपासणी, मग खर्च

टाटांच्या टेल्कोने 1991 मध्ये आणलेली सिएरा जपणारे हौशी आजही पुणे-पिंपरी पट्ट्यात आहेत. ब्रेक कमी लागला की अनेकजण थेट बूस्टर किंवा मास्टर सिलिंडर बदलायला निघतात. थांबा. आधी पेडल दाबून बघा.

पेडल दगडासारखं कडक लागतंय? इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा दाबा, पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. नाही गेलं तर व्हॅक्यूमची नळी आणि क्लिप तपासा. डिझेल गाडीत बूस्टरसाठी वेगळा पंप असतो. तिथून येणारी नळी तडकली तरी ब्रेक असाच लागतो. नळी दोन-तीनशे रुपयांत येते, बूस्टरला काही हजार मोजावे लागतात.

पाय दाबून ठेवल्यावर पेडल हळूहळू तळाला गेलं आणि बाहेर कुठेच ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरची रबरं गेली. दोन-तीनदा पंप केल्यावर वर येत असेल तर लाईनमध्ये एअर आहे किंवा मागचे लायनर सैल आहेत.

पुढचं एक चाक तापतं, गाडी ओढते? चाक जॅकवर घ्या, ब्रेक दाबून सोडा, हाताने फिरवा. अडलं तर कॅलिपरचा निपल सैल करा. ऑइल उडून चाक मोकळं झालं तर कॅलिपर निर्दोष. दोष आतून फुगलेल्या होजचा, तो बदला. निपल सैल करूनही चाक अडलेलंच राहिलं तर पिस्टन जाम आहे. ही तपासणी आपल्यासमोरच करायला लावा, कारण नेमका इथेच विनाकारण कॅलिपर बदलला जातो.

ढोबळ दर असे : ब्रेक ऑइल अर्धा लिटर दोन-तीनशे, एअर काढण्याची मजुरी पाचशेच्या आसपास, भोसरीत लेथवर ड्रम टर्निंग प्रत्येकी तीन-पाचशे. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो. त्यापलीकडे गेलेला ड्रम टर्न करू नका, नवाच घ्या. भाग आणायला नाना पेठेत जाताना जुना भाग सोबत न्या.

22 सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवर जीएसटी 18 टक्के आहे. पक्कं बिल घ्या, 28 टक्के लावले तर हरकत घ्या.